जांभळ्या पट्ट्याच्या आतलं गोणपाट

मित्रांनो, श्रीरामपुरातल्या बंधुमंडळाच्या खुंटीवरून बोलतोय तो मी, एक जुना जांभळा पट्टा. खांद्यावरून कमरेकडे तिरका घालतात, त्यातला. कुत्र्याच्या गळ्यातला वेगळा. त्याला रोज फिरायला नेतात.

सख्ख्या भावांशी पटेना, म्हणून काही शिक्षक, शेतकरी आणि साखर कारखान्यातल्या कामगारांनी मिळून हे मंडळ काढलं. कोणी चर्चला जाणारे, कोणी देवळात. मंडळाच्या प्रमुखाला महाबंधू म्हणत; पहिल्या महाबंधूंच्या पत्नी गोजरबाई यांनी मला त्यांच्यासाठी शिवलं. वरून मखमल लावली आणि आतून साखरेच्या पोत्याचं गोणपाट.

"अगं, टोचंल की," यजमान म्हणाले.

"टोचू द्या. न्हाईतर राजं झाल्यागत फिरताल."

मंडळातल्या पदांचा अर्थही असाच होता. नव्या माणसाला पाणीबंधू म्हणत. त्याला पहिली खुर्ची, पहिलं ताट. काम एवढंच की सभेत चहापाणी द्यायचं. त्याच्या वर दारबंधू. सगळे आत आल्यावर तो आत येई. आणि सर्वांत वर महाबंधू. त्याला खुर्चीच नाही. तो सर्वांना वाढून शेवटी जेवतो, आणि मंडळातलं कोणी वारलं, तर तिरडी असो वा शवपेटी, पायाकडून खांदा देतो. पद जसं चढेल तसा माणूस खाली सरकत जातो. हे समजायला अवघड आहे. बऱ्याच महाबंधूंनाही जड गेलं.

माझे सुखाचे दिवस नंतरचे महाबंधू, शमुवेल सर, यांच्या खांद्यावर गेले. लग्न असो, मयत असो, सर मला घालून वाढायला उभे. लोक म्हणत, काय मखमल आहे. सर हसत आणि आत बोट घालून खाजवत.

पुढे कोणाचं मन दुखावू नये म्हणून मंडळानं एकेकाला बढती दिली, आणि एके दिवशी सगळेच महाबंधू झाले. चहा करायला पाणीबंधू उरला नाही. मग सभांमध्ये चहा कोणी करावा यावर चर्चा होऊ लागली. चहा झाला नाही; चर्चा चांगल्या झाल्या. पद सर्वांना मिळालं तरी मला कोणी मागितलं नाही, कारण मी टोचतो.

यंदा सरांचा खांदा थकला. त्यांनी मला मार्कच्या स्वाधीन केलं. मार्क मांडववाला. ज्या वस्तूला सॅटिन नाही ती त्याला उघडी वाटते. त्यानं मला घालून पाहिलं आणि थेट जास्मिनच्या शिलाईच्या दुकानात नेलं.

"हे पोतं काढ. सॅटिन लाव, मऊ."

"सरांना विचारलं का?"

"सरांनी पट्टा उतरवला. आता त्यांचं मत चालत नाही. नियमच आहे."

"मग पोत्याचं काय करू?"

"पायपुसणं कर."

मित्रांनो, ब्लेड माझ्या पोटावरून फिरत होतं. मखमल उरली असती, पण तो मी नसतो. अर्धी शिवण उसवली, तेवढ्यात मार्कचा मोबाईल वाजला. पुणतांब्याचे रंगनाथ गेले होते. मंडळातले जुने शेतकरी बंधू. मार्कनं मला तसंच, गोणपाट लोंबत, अंगात अडकवलं.

पुणतांब्यात तिरडी उचलायची वेळ झाली, आणि सगळे महाबंधू मानानं पायाकडे जाऊन उभे राहिले. डोक्याकडे कोणीच नाही. मुलगा आदिनाथ मडकं धरून पुढे थांबला होता. रंगनाथांच्या पत्नी लंकाबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "आरं, डोक्याकडं कुनी धरता का न्हाई? का आमचे मालक उभ्यानंच जायचे?"

मार्कनं सरांकडे पाहिलं.

"पट्टा ज्याच्या अंगात, तो पायाशी," सर म्हणाले. "बाकीच्यांनी आपापलं बघा."

बाकीचे खाली मान घालून डोक्याकडे सरकले. इतके पाणीबंधू मंडळाला एकदम कधीच मिळाले नव्हते. मार्कनं पायाशी खांदा दिला. ओझ्यानं मी दबलो आणि मन लावून टोचलो.

गोदावरीवरून परतल्यावर शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. मार्क वाढायला उभा राहिला.

"पोरा, सारखा खाजवतोय का रं?" लंकाबाईंनी विचारलं.

"आत पोतं आहे, काकू."

"मंग काढून ठेव की."

"काढलं तर मी पण जेवायला बसंन."

लंकाबाईंनी भाकरीचं टोपलं त्याच्याकडे सरकवलं. "बरं. घालून ऱ्हा. तिकडच्यांना अजून भाकर मिळाली न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन जास्मिनकडे गेला.

"होतं तसं शिव."

"आणि सॅटिन?"

"ते मांडवाला लागंल."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी मानाची वस्तू असेल, तर तिला ऊन दाखवा, कसरीपासून जपा, सुटलेला टाका वेळेवर घाला. पण ती टोचते म्हणून लगेच मऊ करायला काढू नका. आधी ती अंगात घालून चार माणसांना वाढून बघा.