मावशीनं रडायचं ठरलं होतं

आमच्या सरांना ‘प्रेरणा’ या शब्दाचं भारी वेड. सामाजिक उद्योग काढणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाच गटाला विद्यापीठ वर्षभर खोली देणार होतं आणि सरांच्या मते खोली उद्योगाला नाही, प्रेरणेला मिळते. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे म्हणे.

माझी प्रेरणा साधी होती. मला राग आला होता. मावशीचं कानाचं मशीन बंद पडलं, तर दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. वर्षभर ते कपाटात पडून राहिलं आणि आम्ही घरातले सगळे तिच्यावर खेकसत राहिलो. शेवटी मीच उघडून पाहिलं. नळीत मळ अडकला होता. नुसता मळ! तेव्हापासून मी आणि माझी मैत्रीण घरोघर जाऊन अशी मशीनं साफ करतो. बरीचशी चालू होतात. पण कामाला धड टेबल नाही, म्हणून खोली हवी होती.

“राग नको, बरा दिसत नाही,” सर म्हणाले. “मावशींना स्टेजवर आणा, मशीन न लावता. तुम्ही ते कानात घाला. त्यांना ऐकू येईल, त्या रडतील.”

मला लाज वाटली. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी; मी हो म्हटलं.

स्टेजवर मी मशीन तिच्या कानात घातलं. सभागृह चिडीचूप. मी अजून बटण दाबलं नव्हतं, त्यामुळे आपला आवाज केवढा मोठा निघतोय हे मावशीला कळलंच नाही.

“आता रडू का गं?” तिनं खणखणीत विचारलं.

लोक पोट धरून हसले. परीक्षक बाई हसल्या नाहीत. “हीच का तुमची प्रेरणा?”

“नाही. मला चीड आली होती. अजून येते.”

“चीड फार दिवस टिकत नाही,” म्हणत त्यांनी पुढच्या गटाला बोलावलं. खोली त्या गटालाच मिळाली. त्यांचा उद्योग अजून सुरू व्हायचा होता, प्रेरणा मात्र तयार होती.

बाहेर पायऱ्यांवर मी मशीनचं बटण दाबलं. मावशीचा चेहरा एवढासा झाला होता. “माझ्यामुळे गेली ना खोली?”

“छे गं,” मी म्हटलं, पण दात आवळून.

तिनं मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. “घे. आता मनात येईल ते बोल मला. ऐकू येणार नाही.”

मी बोलले. घसा बसेपर्यंत बोलले. सरांना, बाईंना, त्या दुकानदाराला, आणि तिला त्या स्टेजवर नेल्याबद्दल स्वतःला. मावशी मान खाली घालून बसली होती. तिला वाटत होतं, ते सगळं तिलाच चाललंय.