एका पदार्थाला एक कार्ड

मधूने पत्र्याचा डबा ओट्यावर उपडा केला. लग्नपत्रिकांच्या पाठी, वहीची फाडलेली पानं, औषधाच्या पुड्यांचे कागद असा चिठ्ठ्यांचा ढीग पडला.

"लाडवांच्याच चार?"

"चार घरचे आहेत ते," अनसूया म्हणाली. "इंदूबाईंचे वेगळे, सोनुबाईंचे..."

"एका पदार्थाला एक कार्ड. बायकांची नावं नकोत."

साजगावच्या कारखान्यात कॉम्प्युटर बसला, तेव्हापासून मधूला घरातलं काहीही सैल खपत नसे. तिथे तो कार्डांना भोकं पाडणाऱ्या खात्यात होता; त्या भोकांवरूनच मशीन कार्ड वाचे. पाककृती कार्डांवर उतरवायच्या, कारखान्यात भोकं पाडून आणायची, की हवं ते कार्ड झटक्यात हाती येईल, असा त्याचा हिशेब. कर्जतच्या त्यांच्या आळीत मात्र पदार्थ नावाने चाले. चिठ्ठीवर देणारीचं नाव असे, आणि ताटात वाढताना ते घेतलं जाई.

त्याने पेन्सिलीला टोक केलं.

"कैरीचं लोणचं. मीठ किती?"

"कैरी किती आंबट, त्यावर."

"ग्रॅम सांग."

"अहो, चाखून अंदाजाने..."

चपराक अशी बसली की तिचं डोकं मांडणीवर आपटलं. पातेली खाली आली. एक बराच वेळ गरगरत राहिलं.

"मशीनला अंदाज कळत नाही. ग्रॅम."

ती गप्प राहिली. त्याने तिचं मनगट धरलं आणि तळवा पेटत्या स्टोव्हच्या तापलेल्या कडेवर दाबला.

"दोनशे," ती ओरडली. "दोनशे!"

त्याने वळणदार अक्षरात दोनशे लिहिलं. मग चिठ्ठ्या गोळा केल्या आणि मोरीतल्या बंबात कोंबल्या.

अनसूया मागच्या पायरीवर जाऊन बसली, हात पाण्याच्या तांब्यात बुडवून. आजवर तिच्या सांगण्यात कधी फोडणी उडाली होती, कधी ती उंबऱ्याला अडखळली होती, कधी न्हाणीत घसरली होती. आळीने ते ऐकून घेतलं होतं.

"अनसूये, अगं कैऱ्या फोडून बसलेय मी," कुंपणापलीकडून इंदूबाई आल्या. माहेर कडावचं, आवाज शेतातला. "तुझ्या आईची लोणच्याची चिठ्ठी दे बघू."

"चिठ्ठी नाही. जाळल्या सगळ्या."

"जाळल्या? मग फोडी काय कावळ्यांना घालू? तोंडानं सांग." त्या जवळ आल्या आणि थांबल्या. "हाताला काय झालं गं?"

आत मधू खाकरला.

अनसूयेने तांब्यातून हात काढला. फोडणी उडाली, हे जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"फोडी कोरड्या करून मिठात घालायच्या," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा वरचा होता. "मीठ किती, ते ह्यांनी विचारलं. अंदाजाने म्हटलं, तर कानाखाली मारली. मग मोहरीची डाळ, हिंग, तळलेली मेथी. मी गप्प राहिले, तेव्हा हात स्टोव्हवर दाबला. तेल मात्र पूर्ण गार झाल्यावरच ओतायचं."

"अनसूया! आत ये!"

ती उठली नाही. इंदूबाईंनी पदर खोचला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसकण मारली. दारात आलेल्या मधूकडे त्यांनी पाहिलंही नाही. मान वळवून त्यांनी कुंपणावरून हाक दिली.

"सोनुबाई, काम ठेव आणि इकडं ये गं. शेजारच्या शकूलाही घेऊन ये."

मग अनसूयेच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या,

"हं. त्या आल्या की पैल्यापासून सांग."