भिंतीकडे वळवलेली खुर्ची

खिळ्यांच्या कारखान्यात सोळा यंत्रं एकदम सुरू झाली की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही पोचत नसे. बायकांचं मात्र काही अडायचं नाही. ओठ हलले की समोरचीला कळायचं, मग ती शेडच्या पार दुसऱ्या टोकाला का असेना. कुणाची सून रुसली, कुणाच्या नवऱ्याने काय दिवे लावले, सगळं आवाजाशिवाय पसरायचं. या विद्येत धाकटीच्या आईचा हात धरणारी कुणी नव्हती. अठ्ठावीस वर्षं ती दुसऱ्या नंबरच्या यंत्रावर होती आणि सगळ्या तिला ‘रेडिओ’ म्हणत. आठ महिन्यांपूर्वी धाकटी तिच्या शेजारच्या यंत्रावर लागली होती.

आता कारखान्यात कान तपासायला एक तरुण डॉक्टर आला. यंत्रांवर आवाज कोंडणारी झाकणं बसवायची की नाही, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं. तो खुर्चीसमोर उभा राहून हलक्या आवाजात दहा शब्द म्हणे आणि बाईने ते परत म्हणायचे. पहिल्या दिवशी आठ जणी गेल्या, आठही जणी दहापैकी दहा घेऊन मान ताठ करून बाहेर आल्या. कान ठणठणीत आहेत, झाकणांची गरज दिसत नाही, असं डॉक्टरने मुकादमाला सांगूनही टाकलं.

संध्याकाळी आई खिडकीशी भाजी निवडत बसली होती. धाकटीने दारातूनच सांगितलं की दूध उतू जातंय. तीनदा सांगितलं. दूध गेलं, आई निवडतच राहिली, आणि धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या आठ जणींनी कानांनी काही ऐकलंच नव्हतं.

तिने समोर बसून हे सांगितलं तेव्हा आईचा पारा चढला. अठ्ठावीस वर्षांत आपला एक शब्द चुकलेला नाही, असं तिने ठणकावलं.

“ओठ दिसतात म्हणून,” धाकटी म्हणाली. “आई, डॉक्टर उद्या सगळं ठीक आहे असं लिहून जाईल. मग माझेही कान तुझ्यासारखेच जातील.”

आईने शेगडी गरजेपेक्षा फार वेळ पुसली. जन्मदात्या आईला तोंडावर बहिरी म्हटल्याचं धाकटीला रात्रभर लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी आईचा नंबर आला. पुढचा नंबर आपला म्हणून धाकटी दारातच उभी होती. डॉक्टरने यादी उघडली, तशी आई उठली आणि तिने खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

“काल आमच्या बायकांनी तुमचे ओठ वाचले. आम्हाला ते येतं,” ती म्हणाली. “आता ऐकू काय येतं ते बघा.” आणि ती बसली.

डॉक्टरने दहा शब्द म्हटले. मग आवाज चढवून पुन्हा म्हटले. ते म्हणून झाले हेही आईला कळलं नव्हतं. न राहवून धाकटीने हाक मारली, “आई.” आई भिंतीकडे बघत राहिली. त्या ताठ पाठीकडे बघून धाकटीचा ऊर भरून आला. जी गोष्ट आई घरातसुद्धा कबूल करत नव्हती, ती तिने सगळ्यांसाठी उघडी केली होती.

डॉक्टरने कालचा कागद फाडला आणि त्या आठ जणींना पुन्हा बोलवायला सांगितलं. निरोप द्यायला आईच गेली. शेडच्या दारात उभी राहून तिने एकदाच ओठ हलवले: पाठ करून बसायचं, आपल्या पोरींसाठी. शेजारी कानांत बोटं घालून उभ्या डॉक्टरला काडीचंही कळलं नाही. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत माना हलल्या.

दुपारपर्यंत सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून बसून आल्या. झाकणं ताबडतोब बसवा, असं डॉक्टरने लिहिलं.

या गडबडीत मागे पडलेला धाकटीचा नंबर शेवटी लागला. तीही भिंतीकडे तोंड करून बसली आणि कान टवकारून एकेक शब्द परत म्हणत गेली. वळली तेव्हा आई दारात होती. डॉक्टरच्या पाठीमागून तिने आवाज न काढता विचारलं, किती?

दहा, धाकटीचे ओठ म्हणाले.

आईला ते लगेच कळलं असणार. तिचा शब्द कधी चुकत नसे. तरी तिने ओठ हलवले: पुन्हा सांग.