रंग न दिलेला झोपाळा

मोरोपंतांनी झोपाळ्याखालच्या रेतीत हात खुपसला. रेती कोपरापर्यंत आली तरी तळ लागला नाही. त्यांनी हात झटकला, चष्मा पुसला आणि वीतभर सरकून पुन्हा खुपसला.

"काय हरवलं काय, गुरुजी?" पांडूने विचारलं. मैदानाचं गवंडीकाम त्याचंच होतं.

"नाही रे. खोली बघतो."

"कालपासनं चारदा बघितलीत. आता ती रेतीच म्हणंल, म्हाताऱ्या, जरा दम खा."

खाडीकडच्या त्या वाडीत मैदान तयार होऊन आठ दिवस झाले होते आणि अजून एकही मूल आत आलं नव्हतं. मुलं कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभी राहत. आयांनी सांगून ठेवलं होतं, मंगळी व्हय म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. मंगळीची लेक राणी, सात वर्षांची, गेल्या वर्षी इथल्याच जुन्या झोपाळ्यावरून पडली आणि गेली.

तो झोपाळाही मोरोपंतांनीच आखला होता. पेणच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर, हौसेने. दर सव्वीस जानेवारीच्या आधी ते स्वतः डबा आणि ब्रश घेऊन येत, लाल-पिवळा रंग देत. धरमतर खाडीची खारी हवा त्या रंगाखाली साखळीचा वरचा आकडा कुरतडत होती, आणि दरवर्षी मोरोपंत गंजावर नवा हात मारून समाधानाने घरी जात होते.

या वेळी त्यांनी रंग दिलाच नव्हता. जे झिजेल ते दिसलं पाहिजे. वर्षभर त्यांनी पुस्तकं वाचली, रोह्याला जाऊन कारखान्यातल्या फिटरांना भीतभीत प्रश्न विचारले, नकाशे काढले, फाडले, पुन्हा काढले. साखळी न गंजणाऱ्या पोलादाची, खांबांना जस्ताचा मुलामा, बसायला जुन्या कन्व्हेयर बेल्टची जाड पट्टी. पांडू वाडीभर सांगत सुटला होता की गुरुजींनी झोपाळा नाय, हत्तीसाठी पूल बांधलाय. मोरोपंतही त्यावर हसले होते. मंगळीशी बोलायचं एक वाक्य मात्र त्यांना वर्षभरात जुळवता आलं नव्हतं.

ती आली तेव्हा डोक्यावर फाट्यांची मोळी होती. मोळी तिने कुंपणाला टेकवली आणि ती आत आली.

मोरोपंत उठले. बोलायचं होतं ते बाजूला राहिलं आणि ते वर्गात शिकवावं तसं साखळीबद्दल सांगू लागले, खांब किती खोल गाडलेत ते सांगू लागले. मंगळी ऐकत होती. तिने कशालाच हात लावला नाही.

"पंचवीस वर्षं टिकेल," ते म्हणाले. "तीससुद्धा."

"माझी नाय टिकली," मंगळी म्हणाली.

आवाजात राग नव्हता. मोरोपंतांचा वरचा आकडा दाखवणारा हात तसाच हवेत राहिला, मग हळूहळू खाली आला.

"मी नुसता रंग देत होतो," ते म्हणाले. "आत काय झालंय ते बघितलंच नाही. मंगळीबाई, मी..."

पांडू उगाच थापी पुसत उभा राहिला.

"तिला लाल आवडायचा," मंगळी म्हणाली. "रंग ओला असतानाच बसली होती एकदा. फ्राकाचा डाग गेलाच नाय." मग तिने मानेने झोपाळा दाखवला. "बसा."

"कोण, मी?"

"तुमीच केलाय ना? बसा."

पांडू हसायला गेला आणि थांबला. मोरोपंतांनी चपला काढून कडेला जोडून ठेवल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते त्या पट्टीवर अवघडून बसले, धोतराचा सोगा मांडीखाली घेतला, पाय रेतीवरून उचलले.

मंगळी मागे गेली. तिचा तळवा त्यांच्या पाठीवर टेकला, खरखरीत आणि गरम. पहिला झोका लहान होता. दुसरा त्याहून जरा मोठा. साखळीचा आवाज होत नव्हता. कुंपणापलीकडे खाडीचं पाणी दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं. झोका वाढत गेला. पुरे म्हणावं असं मोरोपंतांच्या ओठांवर आलं, पण त्यांनी म्हटलं नाही. जाळीपलीकडच्या मुलांतलं एकही हसत नव्हतं.

प्रत्येक झोक्याला तो तळवा पाठीवर बरोबर त्याच जागी येत होता, जरा खाली, लहान मुलाच्या पाठीला लागावा तिथे. मग मागून आवाज आला. गुरुजींशी बोलायचा तो आवाज नव्हता.

"घट धर गो," मंगळी म्हणत होती. "सोडू नको हां. घट धर."

पांडूने तोंड फिरवलं.

"धरलंय," मोरोपंत म्हणाले.