राईतल्या म्हाताऱ्याची हजेरी

"राईत शिरताना चपला बाहेर काढ, डोणी काठोकाठ भर, आणि तिथं जे बघशील ते तिथंच ठेवून ये. गावात आणू नको गो."

सासूबाई यमुनाबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी चैत्र लागला की हौसाच्या कानात हे वाजायचंच. देवीच्या राईतल्या जांभ्याच्या डोणीत पाऊस लागेपर्यंत रोज दोन कळश्या पाणी ओतायचं, हा त्यांच्या घराचा नेम. पाणी कोण पितं ते विचारायचं नाही. हौसाने कधी विचारलंही नव्हतं. पिणाराच तीन वर्षांपूर्वी समोर येऊन बसला, त्याला तिचा इलाज नव्हता.

तो बिबट्या आता पार थकला होता. एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचा पाय ओढत चालायचा. राईच्या तोंडाशी 'संरक्षित वन' अशी पाटी होती आणि गाव तिच्या खांबाला सोयीसाठी बकऱ्या बांधायचं. त्यामुळे संरक्षण नक्की कुणाचं, हे बकऱ्यांनाही उलगडत नव्हतं. म्हाताऱ्याने त्यातली एकही नेली नव्हती. मागच्या आठवड्यात तर तो हौसाच्या देखत गुरवाच्या कोंबडीवर अर्धा तास दबा धरून बसला. कोंबडीने निवांत किडे टिपले, पंख झाडले आणि ती घरी गेली. हा तसाच बसलेला. बहुधा डोळा लागला असावा. व्हाळाच्या पाण्यातल्या कुर्ल्या-खेकड्यांवरच त्याचं भागत होतं.

अशात गुरुप्रसादांचा कुत्रा नाहीसा झाला. गुरुप्रसाद मुंबईतून निवृत्त होऊन गावाचा उद्धार करायला आले होते. गावाने तसं काही मागितलं नव्हतं, पण ते मनाचे मोठे. कुत्रा बिबट्यानेच नेला, पिंजरा लावा, असा त्यांनी चार पानी अर्ज केला. चौकशीला वनरक्षक अक्षया आली. देवळात माणसं जमली.

"मॅडम, आमच्या हौसावहिनींना विचारा," गुरुप्रसाद म्हणाले. "रोज राईत जातात. शिवाय या अधिक महिन्यात त्यांचा खोटं न बोलण्याचा नेम आहे."

नेम खराच होता. कांदा, लसूण, वांगं तिने केव्हाच सोडलेलं. सोडण्यासारखं उरलं होतं ते खोटंच, आणि ते आपल्याला सोपं जाईल असं तिला वाटलं होतं.

"काकू, कुत्रा त्यानेच नेला का?" अक्षयाने विचारलं.

हौसाला सासूबाई आठवल्या. मग अधिकाचा नेम आठवला.

"नाही हो. राईत माझ्यादेखत दोघं समोरासमोर आले, तेव्हा म्हातारा बाजूला झाला. भावोजी, तुमचा ब्रूनो पूर्णगडच्या रस्त्याने पळाला. मासेवाल्या सांगत होत्या, तिथल्या जेटीवर असतो. अंगाने भरलाय म्हणे."

कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. गुरुप्रसादांनी मात्र हार मानली नाही.

"म्हणजे याला कुत्रासुद्धा धरवत नाही! मग उद्या माणसावर येणार. पिंजरा पाहिजेच."

पाच मिनिटांपूर्वी तो तगडा म्हणून पिंजरा हवा होता, आता थकला म्हणून. खरं बोलून हौसानेच त्याला पिंजऱ्यात ढकललं होतं.

"पिंजऱ्यात घालून लांब न्यावं लागेल," अक्षया हळूच म्हणाली. "या वयात पोचेल असं मला वाटत नाही. एक वाट आहे. पंधरा दिवस कुणी त्याला रोज पाहून लिहून दिलं, की त्याने माणसाला, जनावराला तोंड लावलं नाही, तर साहेब पिंजरा थांबवतील. पण एक दिवस चुकला की कागद बाद. माझ्याकडे अकरा गावं आहेत आणि एक स्कूटर, तीही वडलांची."

"मी लिहीन," हौसा म्हणाली. "रोज चारला डोणीपाशी असेन. वचन देते."

"वहिनी तर त्याच्याच बाजूच्या," गुरुप्रसाद म्हणाले.

"त्या खोटं बोलत नाहीत, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत ना?" अक्षयाने वही पुढे केली.

वहीत हौसा सगळं लिहायची. 'आला. पाणी प्यायला. जांभई दिली. खालचे सुळे नाहीत.' 'आज साडेपाचला आला. उशिराचं कारण कळलं नाही.' 'कुर्ली धरलीन. कुर्ली सुटली.' सहाव्या दिवशी गुरुप्रसाद खातरजमेला आले, चपला घालूनच. म्हातारा शिंकला. भावोजी परत गेले ते अनवाणी. हेही तिने लिहिलं.

दहाव्या दिवशी लेक सानवी आणि जावई विनीत मुंबईहून अधिकाच्या वाणाला आले. गाडीला तीन तास उशीर झाला, त्यामुळे पानं मांडेपर्यंत सव्वातीन वाजले. हौसाने जावयाला ओवाळलं, तेहतीस अनारशांचं ताट हातात दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आई, आजचा दिवस राहू दे ना," सानवी कुजबुजली. "अधिक तीन वर्षांनी येतो. जावई पाटावर आणि सासू वाघाकडे, लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. ठेवून झाली की त्यांनाही वाढ. डाळिंबीची उसळ भरपूर आहे."

"मी कॅमेरा बसवून देतो, आई," विनीत तोंडातला अनारसा सावरत म्हणाला. "म्हातारा परस्पर मोबाईलवर हजेरी लावेल. आमच्या ऑफिसात आम्ही असंच केलं."

"मग लोक वेळेवर येतात का तिथं?"

"तसं नाही, पण कोण आलं नाही ते कळतं."

मग ऑफिसात हे त्याने कसं जमवून आणलं, ते तो पहिल्यापासून सांगू लागला. सानवी मान डोलावत ताक वाढत होती. हौसाने आणखी दोन अनारसे त्याच्या पानात ठेवले, हात धुतले, वही पदराखाली घेतली, कळशी उचलली. मागच्या दाराची कडी तिने आवाज न करता काढली आणि ती राईकडे जाणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या उतरू लागली.