संगणकातला आत्मा आणि शेपूची भाजी

"मास्तर, नाराज असाल तर ज्योत मालवा!"

दीपनाथबाबांनी हात उंच केला आणि खरोखरच संगणकाचा हिरवा दिवा विझला. आतला पंखा घरघरत थांबला. अनसूयाबाईंच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या माणसांनी रोखून धरलेला श्वास सोडला. कुणी हात जोडले, कुणी डोळ्यांना पदर लावला. दाराशी चपलांचा ढीग पडला होता आणि जिन्यातही माणसं उभी होती.

मास्तर म्हणजे अनसूयाबाईंचे यजमान, ढुंढिराज. श्रावणात गेले. नाशिकला गोदाघाटावरच्या पुरोहितांच्या घरात जन्मून हा माणूस आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिला. घरात कुणाची जन्मपत्रिका येऊ दिली नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. आणि आता मेल्यावर त्यांचा आत्मा म्हणे एका पत्र्याच्या डब्यात बसून बाबांच्या प्रश्नांना होकार देत होता! मास्तरांना हे कळलं असतं तर हसून हसून ते दुसऱ्यांदा गेले असते.

अनसूयाबाई मात्र हसत नव्हत्या. भिंतीला टेकून त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होत्या. मास्तर गेल्यापासून हे घर इतकं भरलं नव्हतं.

याची सुरुवात दिवाळीत झाली. लेक मृण्मयी बंगळूरला नोकरीला. आईचा वेळ जावा, रोज ई-मेल लिहिता यावी, म्हणून तिने नाशिकच्याच एका दुकानात सुटे भाग जोडून संगणक करवून घेतला. दुकानाचा वाल्मीक धनत्रयोदशीला तो घरी मांडून, चालवून दाखवून गेला.

"काकू, आधी भिंतीवरचा स्विच. मग पुढचं हे गोल बटण, एकदाच, हलकं दाबायचं. दाबून धरलंत तर बंद पडेल, बरं का." एवढं सांगून तो दुकानाला कुलूप लावून कळवणला आपल्या गावी गेला.

पाडव्याच्या सकाळी बिल्डिंगभर बायका आपापल्या नवऱ्यांना ओवाळत होत्या. अनसूयाबाईंनी दार लावून घेतलं. सवयीने तबक तर तयार केलं, आता ओवाळायचं कुणाला? मास्तरांना संगणकाची फार हौस होती, पण तो बघायला ते राहिले नाहीत. शेवटी त्यांनी संगणकालाच ओवाळलं. गोल बटणाला कपाळ समजून ओलं कुंकू अंगठ्याने दाबून लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. मग भिंतीवरचा स्विच लावला. दिवा लागला, पंखा फिरला आणि चार-पाच श्वासांत सगळं विझलं. स्विच बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"नवा कोरा आणि असा?" शेजारची मंजुषा म्हणाली. "काकू, तेही ऐन पाडव्याला? मला बाई वेगळंच वाटतंय. घोटीचे एक बाबा आहेत, आणू का?"

बाबा आले, पाठोपाठ अर्धी बिल्डिंगही आली. कानात अत्तराचा बोळा, बोटाबोटांत अंगठ्या. त्यांनी स्विच एक-दोनदा लावून पाहिला, मनाशी काहीतरी मोजलं आणि डोळे मिटले.

"माताजी, लय मोठा आत्मा हाय. ह्याच्या आत मदरबोर्ड असतो. मदर म्हंजे माता! मातेच्या उदरात आत्मा शिरनार नाय तर काय पंख्यात शिरनार?"

"वा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आता कुनी ह्याला हात लावायचा नाय. कुंकू पुसायचं नाय. दिवा मालवला की समजायचं, मास्तर हो म्हनले. त्रिपुरी पौर्णिमेला यंत्र आमच्या मठात नेऊ. तिथंच मास्तरला शांती."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दरबार भरू लागला. बाबांचा चेला भिमाजी स्विच लावायचा, बाबा प्रश्न विचारायचे, दिवा विझायचा. मुलीचं लग्न जमेल? हो. बदली टळेल? हो. मास्तर हयात असताना कुणाला पटकन पास करत नसत. मेल्यावर भलतेच उदार झाले होते.

दुपारी बिल्डिंग झोपली की अनसूयाबाई एकट्याच त्या डब्यासमोर बसत. पहिल्या दुपारी त्यांनी स्विच लावला आणि हळूच विचारलं, "अहो, चहा घेणार?"

दिवा विझला.

त्यांनी दोन कप चहा केला. दुसरा कप संगणकापुढे ठेवला आणि निवला तेव्हा स्वतःच प्यायल्या. कित्येक दिवसांनी त्यांना कुणीतरी उत्तर दिलं होतं. खोटं कशाला बोला, त्या दुपारी त्या सुखी होत्या.

मग रोज गप्पा. लेकीची आठवण येते का? हो. मी बारीक झाले का? हो. एका दुपारी त्यांनी धीर करून विचारलं, "माझ्यावर रागावलात का हो?" दिवा विझला. त्या खूप रडल्या. मग बायकोच ती, तिने पुन्हा स्विच लावला. "म्हणजे रागावला नाहीत ना?" दिवा पुन्हा विझला.

अनसूयाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि संगणकाकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

"रात्री शेपूची भाजी करू?"

दिवा विझला. हो!

शेपूच्या वासानेच मास्तर पानावरून उठत. सासूबाईंनी एकदा पिठल्यात लपवून घातली होती, तर माणूस रात्रभर उपाशी झोपला होता. अनसूयाबाईंनी आणखी एकदा स्विच लावला आणि या वेळी तोंड घट्ट मिटून बसल्या. काहीही विचारलं नाही.

दिवा लागला, पंखा फिरला, दिवा विझला.

म्हणजे प्रश्न कुणी ऐकतच नव्हतं. इतक्या दुपारी त्या एकट्याच बोलत होत्या.

मग त्या चष्मा लावून वाकल्या. सुकलेल्या कुंकवाखाली गोल बटण आत गेलेलं होतं आणि त्याच्या कडेच्या फटीत अक्षतेचा एक दाणा पाचरीसारखा बसला होता. दाबून धरलंत तर बंद पडेल, असं वाल्मीक बजावून गेला होता. पाडव्यापासून तो दाणाच बटण दाबून धरून बसला होता. त्यांनी पिनेने दाणा उकरला. टक् करून बटण बाहेर आलं. हलकं दाबलं तसा दिवा लागला, तो विझला नाही. पडदा निळा उजळला.

दाणा तळहातावर होता. परत फटीत खोचला की संध्याकाळी घर भरणार होतं आणि उद्या दुपारी चहाला सोबत होती. अनसूयाबाईंच्या मनात ते आलं, अगदी आलं. पण मास्तरांच्या नावावर शेपू खपवणं त्यांना सहन होईना.

संध्याकाळी भिमाजीने स्विच लावला. काहीच झालं नाही.

"मास्तर रुसले," बाबा म्हणाले.

"रुसले नाहीत. मी बटणात अडकलेला दाणा काढला." अनसूयाबाई उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. "आता मालवा बाबा."

"ज्योत मालव!" बाबा गरजले. मग पुन्हा गरजले. दिवा मजेत जळत राहिला. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"मंजुषा, ये. हे बटण दाबून धर." मंजुषाने अंगठा टेकवला आणि चार-पाच श्वासांत दिवा विझला. "बघा, आत्मा आता हिच्या अंगठ्यात आला म्हणायचं का? दिवा आपसूक विझतो, हे बाबांनी पहिल्याच दिवशी मोजलं होतं. म्हणून ते फक्त 'हो'चेच प्रश्न विचारत होते."

"श्रद्धा नाय तिथं आमी थांबत नाय," बाबा पुटपुटले. चपलांच्या ढिगातून त्यांना आपली चप्पल चटकन सापडली. लोकही उठले. "चांगलं चाललं होतं की," जिन्यात कुणीतरी कुरकुरलं.

मंजुषा तेवढी घुटमळली. "काकू, चुकलंच माझं. पण तुम्हाला बरं वाटत होतं ना?"

"वाटत होतं, म्हणूनच तर फसले. परक्या माणसाला मी लगेच उलटा प्रश्न विचारला असता. आपल्याला जे हवंसं असतं ना मंजुषा, तेच आधी तपासून घ्यावं. जो सगळ्याला हो म्हणतो, त्याने आपलं काहीच ऐकलेलं नसतं."

मंजुषा गेली. अनसूयाबाईंनी दार लावलं, एकच कप चहा केला आणि बटण दाबून संगणकासमोर बसल्या. मास्तर तिथे नव्हते. कुठेच नव्हते. एकेक अक्षर शोधत त्यांनी लेकीला पहिली ई-मेल लिहिली: मला फार एकटं वाटतं, तू ये.

मग त्या उत्तराची वाट बघत बसल्या. या वेळी ते 'नाही'सुद्धा येऊ शकत होतं.