पेंडीतला निळा प्रकाश

नाताळासाठी म्हणून आग्नेसबाईंनी पापडी गावातल्या आपल्या वाडीत बदकाची पिल्लं आणली होती. पंधरवडाही झाला नसेल, ती पटापट मरायला लागली. सकाळी चालणारं पिल्लू दुपारी पाय ताणून पडायचं. कुणी म्हणालं साथ, कुणी म्हणालं नजर. बाईंचे यजमान बॅप्टिस्ट म्हणाले, "पाणी खराब असेल." विहिरीचं पाणी बदलून पाहिलं. मरणं थांबलं नाही.

त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारी विनया गोखिवऱ्यात शेंगदाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ते १९९६ साल होतं. तिनं विचारलं, "आंटी, यांना खायला काय घालता?"

"भातात कालवून शेंगदाण्याची पेंड. नवीन पोतं आहे, वासही चांगला आहे."

विनयानं मूठभर पेंड घेतली. साहेबांची परवानगी काढून दुसऱ्या दिवशी तिनं बाई आणि बॅप्टिस्ट दोघांनाही प्रयोगशाळेत नेलं. पेंड कुटून तिनं रसायनात घुसळली, गाळली आणि ते पाणी भुकटी भरलेल्या काचेच्या बारीक नळीत सोडलं. थेंब थेंब खाली उतरला. नळीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"झालं?" बॅप्टिस्ट म्हणाले. "आम्हाला वाटलं आठवडाभर लागेल."

"पूर्वी लागायचे बरेच दिवस. आता या कापडाखाली या."

टेबलावर काळं कापड टाकून तिनं आत अतिनील किरणांचा एक दिवा ठेवला होता. आग्नेसबाई वाकून आत शिरल्या. विनयानं दिवा लावला, तशी नळीच्या मधोमध निळी कडी उजळली. मोराच्या गळ्यासारखी निळी, स्वतःच्याच उजेडानं पेटलेली.

बाई कुजबुजल्या, "हे काय गं?"

"बुरशीचं विष. पोतं ओलसर जागी राहिलं असणार. याला वास नाही, चव नाही, शिजवलं तरी जात नाही. बदकाच्या पिल्लांना तर कणभरही पुरतं."

"आणि इतकं सुंदर दिसतं?"

"फक्त या दिव्याखाली."

मग बॅप्टिस्ट आत गेले. पोतं त्यांनीच पारखून आणलं होतं. बाहेर आले ते डोळे पुसत. "रोज दोन्ही हातांनी कालवत होतो मी," एवढंच म्हणाले.

अचानक आग्नेसबाईंनी विनयाचा हात घट्ट धरला. "गाईलाही तीच पेंड घालते मी! दूध नातीला देते."

विनयाचाही चेहरा उतरला. "दुधात उतरतं ते थोडंफार. आजपासून पेंड बंद करा, दूध ओतून द्या. चांगला चारा दिलात की चार-सहा दिवसांत दूध साफ होईल. मुलीला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

घरी पोहोचताच बॅप्टिस्टनी वाडीच्या टोकाला खोल खड्डा खणून सगळं पोतं पुरलं. डॉक्टरांनी नातीला तपासलं. ती ठणठणीत होती. पिल्लं मात्र आणखी काही गेली. उरली त्यांनी हळूहळू मान वर धरली.

पुढच्या आठवड्यात नव्या दुकानातून पेंड आली, तेव्हा आग्नेसबाईंनी पोत्याला हात लावण्याआधी थोडी रुमालात बांधली आणि विनयाबरोबर गोखिवऱ्याला निघाल्या. कापडाखाली त्या कितीतरी वेळ वाकून उभ्या राहिल्या. दिवा लागला होता, तरी नळीत नुसता काळोख होता. बाईंनी त्या काळोखासमोर क्रूसाची खूण केली.